‘यामातो’च्या ब्लू-रे संचाबद्दल तक्रार : खोक्यावर १९७४, आत १९७९

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
नोंदणीकृत कार्यालय

विषय : ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ (जपानी दूरचित्रवाणी मालिका, १९७४-७५) या ब्लू-रे संचातील दोष, खोक्यावरील चुकीची माहिती आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : सोबत जोडलेलं बिल व आपल्या ग्राहक सेवा विभागाची उत्तरं.

महोदय / महोदया,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगते. खोक्यावर जी मालिका छापली आहे ती मला द्या, नाहीतर पैसे परत करा. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आपल्या ग्राहक सेवेने देऊ केलं होतं. ते मला नको. पुढची खरेदी आपल्याकडून करायची की नाही, हे याच पत्राच्या उत्तरावरून ठरवणार आहे.

खोक्याच्या मागच्या बाजूला पाच गोष्टी ठळक छापल्या आहेत : मूळ जपानी आवृत्ती, संपूर्ण २६ भाग, कोणतीही काटछाट नाही, मूळ ४:३ चित्रचौकट, जपानी संवादांवरून केलेली नवी इंग्रजी सबटायटल्स. यातलं ‘२६ भाग’ एवढंच खरं आहे. बाकी नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हे पत्र आपल्या कार्यालयात जे कोणी वाचतील त्यांनी मालिका पाहिली असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ‘यामातो’ ६ ऑक्टोबर १९७४ ते ३० मार्च १९७५ या काळात जपानमध्ये रविवारी संध्याकाळी दाखवली गेली. निर्माते योशिनोबु निशिझाकी, चित्रकार-दिग्दर्शक लेइजी मात्सुमोतो, संगीतकार हिरोशी मियागावा. साल २१९९. गामिलास ग्रहावरून होणाऱ्या बॉम्बवर्षावामुळे पृथ्वीवर किरणोत्सर्ग पसरला आहे, समुद्र आटले आहेत, माणसं जमिनीखाली राहतात. माणूस संपायला एक वर्ष उरलंय. किरणोत्सर्ग नाहीसा करणारं यंत्र १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षं दूर असलेल्या इस्कांदार ग्रहावर मिळणार आहे. ते आणायला निघतं ते जहाज म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ‘यामातो’ या युद्धनौकेच्या सांगाड्यातून उभं केलेलं अंतराळयान.

याच मालिकेची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत सप्टेंबर १९७९ मध्ये ‘स्टार ब्लेझर्स’ या नावाने सुरू झाली. मुलांच्या वेळेत दाखवायची म्हणून तिच्यात बरंच काही बदललं, काही कापलं. त्या आवृत्तीशी माझं भांडण नाही. अमेरिकेतली एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली आणि त्यांचं तिच्यावर प्रेम आहे ते उगाच नाही. ती हवी असती तर मी तीच घेतली असती. मी घेतली १९७४ ची, आणि आपण मला १९७९ ची कापलेली चित्रफीत देऊन तिच्यावर जपानी आवाज चिकटवला आहे.

हा आरोप मोठा आहे हे मला कळतं. म्हणून पुरावा देते.

दुसरा भाग लावून पाहा. मूळ मालिकेत या भागात गंजलेल्या जहाजाकडे बघता बघता कथा मागे जाते आणि ७ एप्रिल १९४५ ला ओकिनावाकडे निघालेली खरी ‘यामातो’ अमेरिकन विमानांच्या माऱ्याखाली कशी बुडाली ते दाखवलं जातं. अमेरिकी आवृत्तीत मालिकेतली सर्वांत मोठी कात्री याच प्रसंगावर चालली होती. आपल्या डिस्कवर हा प्रसंग नाही. बरं, नुसतं चित्र कापून भागत नाही, त्याखालचा जपानी आवाजही कापावा लागतो. म्हणून त्या जागी पार्श्वसंगीत एका सुरात चालू असताना मध्येच तुटतं आणि भलत्याच सुरात पुढे सुरू होतं. कान बंद ठेवून काम केलं असेल तरच हे सुटू शकतं. या प्रसंगाबद्दल जपानमध्येही लोकांची मतं वेगवेगळी आहेत. बुडालेल्या युद्धनौकेला असं गौरवाने पुन्हा उभं करावं का, असं विचारणारे तिथे आहेत, आणि मलाही तो प्रश्न पडतो. पण तो प्रसंग पाहायलाच मिळाला नाही तर प्रश्न पडणार कसा? ‘कोणतीही काटछाट नाही’ हे शब्द खोक्यावर असताना हे झालं आहे.

आता सबटायटल्स. जपानी आवाजात सगळे ‘यामातो’ म्हणतात आणि खाली ‘आर्गो’ उमटतं. तरुण नायक कोदाईला ‘वाइल्डस्टार’, नायिका युकीला ‘नोव्हा’, जहाजाचे कॅप्टन ओकितांना ‘कॅप्टन अवतार’ म्हटलं आहे. ही सगळी नावं अमेरिकी डबिंगमधली. म्हणजे जपानी संवाद ऐकून कोणी सबटायटल्स लिहिलीच नाहीत. इंग्रजी डबिंगची संहिता उचलली आणि टाकली. त्यामुळे पडद्यावर एक जण गप्प असतो आणि खाली दोन ओळींचं वाक्य येतं. उलटही होतं : कोणी घडाघडा बोलतो आणि खाली काहीच नाही, कारण डबिंगमध्ये तिथे शांतता होती.

सर्वांत मोठी गंमत जहाजावरचे डॉक्टर सादो. हा माणूस मालिकाभर साकेची भलीमोठी बाटली सोडत नाही. नाक-गाल लाल, पाय डगमगणारे. अमेरिकी डबिंगमध्ये मुलांसमोर दारू नको म्हणून तिला ‘झऱ्याचं पाणी’ केलं होतं. आपल्या संचातही ते झऱ्याचंच पाणी आहे. माझ्या शेजारी बसून पाहणाऱ्या भाच्याने विचारलं, “मावशी, पाणी पिऊन हे असे का होतात?” यावर मी काय सांगायचं ते आपणच कळवावं.

हसण्यावारी नेण्यासारखं तेवढंच. दहाव्या भागात जहाज सूर्यमालेच्या बाहेर पडणार असतं. त्यानंतर पृथ्वीशी संपर्क तुटणार, म्हणून प्रत्येकाला घरच्यांशी शेवटचं बोलायची मुभा मिळते. कोदाईला बोलायला कोणी उरलेलं नाही. आईवडील बॉम्बमध्ये गेले, भाऊ लढाईत गेला असं तो धरून चालतो. ओकितांचंही घर रिकामं. शेवटी कॅप्टन आणि हा पोरगा समोरासमोर बसून पेला घेतात. संवाद कमी आहेत, म्हणून प्रत्येक शब्दाला वजन आहे. आपल्या संचात या प्रसंगाच्या खाली जी वाक्यं येतात ती ते दोघं बोलतच नाहीत. मला जपानी जेमतेम येतं, पण तेवढ्यावरही हे कळतं. ज्याला अजिबात येत नाही त्याला आपण काय दाखवलं, याचा त्याला पत्ताही लागणार नाही, आणि मला राग त्याचाच आहे.

तिसरा मुद्दा चित्रचौकटीचा. १९७४ ची ही मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर, ४:३ चौकटीत चित्रित झाली. आताच्या रुंद टीव्हीवर ती लावली की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, आणि त्या दिसायलाच हव्यात. आपण पट्ट्या घालवायला चित्र मोठं करून १६:९ केलं आणि वरखालून छाटलं. साधा हिशोब आहे : उंचीचा पाव भाग गेला. पाव भाग म्हणजे किती, ते चोविसाव्या भागात पाहा. ‘यामातो’च्या पोटाखाली तिसरा ब्रिज, म्हणजे जहाजाचा एक नियंत्रण कक्ष, लटकलेला असतो. गामिलास ग्रहावरच्या आम्लाच्या समुद्रात तो विरघळून गळून पडतो. मालिका पाहिलेला माणूस हा क्षण विसरत नाही. आपल्या डिस्कवर जहाजाचं पोटच चौकटीबाहेर आहे, त्यामुळे ब्रिज पडतो तो कडेला काहीतरी हलल्यासारखा. लोक किंचाळतात, का किंचाळतात ते दिसत नाही. बाकी ठिकाणी उभ्या माणसांच्या टोप्या आणि हनुवट्या छाटल्या आहेत ते वेगळंच.

चित्र ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात फिल्मचा दाणा (फिल्मवर दिसणारा बारीक खरखरीत पोत) पुसला आहे आणि दाण्याबरोबर रेघाही गेल्या. ही हाताने काढलेली चित्रं आहेत. सेलवरच्या, म्हणजे ज्या पारदर्शक पत्र्यावर चित्र काढतात त्यावरच्या, रेघेचा जाड-बारीकपणा हीच तिथली कारागिरी. युकीच्या चेहऱ्यावर पापणीची एक रेघ आणि नाकाची एक रेघ असते, त्यातली एक पुसली की चेहरा मेणाचा होतो. यापलीकडे काही लिहीत नाही. सोबतच्या छायाचित्रांत दिसेल.

‘सलग पाहा’ हा पर्याय निवडला तर आणखी एक घोळ होतो. भागाच्या शेवटी निवेदक सांगतो की पृथ्वीच्या विनाशाला इतके दिवस उरले. मालिकेचा सगळा ताण या आकड्यावर आहे. एखाद्या लढाईत जहाज जिंकलं तरी मधे किती दिवस खर्ची पडले ते इथे कळतं आणि जिंकल्याचा आनंद उतरतो. आपली डिस्क हा आकडा यायच्या आत पुढच्या भागावर उडी मारते. इसाओ सासाकी यांनी गायलेलं शेवटचं गाणंही त्यात जातं. सलग पाहणाऱ्याला तर इस्कांदारला जायला किती वेळ आहे हेच कळणार नाही. जहाज आपलं फिरायला निघाल्यासारखं वाटतं. हा दोष चित्रफितीचा नव्हे, डिस्क बनवणाऱ्याचा आहे, आणि तो दुरुस्त करणं अवघड नाही.

सोबतच्या पुस्तिकेत दोन पानांवर २०१२ साली सुरू झालेल्या नव्या ‘यामातो २१९९’ची चित्रं छापली आहेत. नवी मालिका युताका इझुबुची यांची. चांगली आहे, पण ती वेगळी आहे. शिवाय पुस्तिका म्हणते की १९७४ मध्ये पहिल्याच प्रक्षेपणात मालिकेने जपान जिंकलं. उलट झालं होतं. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ ही कार्टून मालिका चालू होती, प्रेक्षक तिकडे होते, आणि ३९ भागांची आखणी २६ वर आटोपावी लागली. लोक ‘यामातो’मागे वेडे झाले ते पुनःप्रक्षेपणानंतर, आणि १९७७ च्या चित्रपटाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुस्तिकेसाठी मी पैसे मागत नाही. फक्त पुढच्या छपाईला कोणाकडून तरी वाचून घ्या.

आता आपल्या ग्राहक सेवेबद्दल. पहिलं उत्तर आलं : डिस्क मऊ कापडाने पुसा. दुसरं : प्लेअरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. कापडाने पुसून १९४५ ची लढाई परत येत असती तर मी पुसलीच असती. तिसऱ्या उत्तरात कूपन आलं आणि त्यानंतर माझ्या ईमेलना वाटाण्याच्या अक्षता. उत्तर देणाऱ्या मुलामुलींना दोष देत नाही; त्यांच्यासमोर ठरलेली वाक्यं असणार. पण त्यांच्या वर कोणीतरी बसलेलं आहे, आणि हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

कोणी म्हणेल, जपानहूनच मागवायची होती. ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे विभाग पाडले आहेत; जपानी ब्लू-रे ‘अ’ (A) विभागाच्या असतात, भारत ‘क’ (C) विभागात येतो. विभागाचं कुलूप असलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाही, आणि तिकडच्या संचांवर बहुधा इंग्रजी सबटायटल्सही नसतात. इथे अधिकृत संच येतोय म्हटल्यावर माझ्यासारख्यांनी आगाऊ नोंदणी केली ती म्हणूनच. आपण पुढे आणखी जुन्या मालिका काढाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या अशा काढू नयेत.

माझी मागणी अशी. मूळ ४:३ चौकटीतल्या, न कापलेल्या, जपानी संवादांवरून सबटायटल्स केलेल्या डिस्क बदलून द्याव्यात. ते शक्य नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम, कुरिअर खर्चासह, परत करावी. आणि दोन्हीपैकी काहीही केलंत तरी संकेतस्थळावरचं ‘मूळ आवृत्ती, काटछाट नाही’ हे वर्णन आजच काढावं, कारण ते वाचून कोणीतरी आत्ताही पैसे भरत असेल.

संच आपल्याच संकेतस्थळावरून घेतला आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल देणं बंधनकारक आहे. तसं न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आता तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही, त्यामुळे मला कोर्टाची पायरी चढायला जड जाणार नाही. दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापार प्रथा, हे दोन्ही मुद्दे त्यात असतील.

सोबत बिलाची प्रत, खोक्याच्या मागच्या बाजूचं छायाचित्र, दुसऱ्या, दहाव्या व चोविसाव्या भागातल्या नेमक्या वेळा लिहिलेला कागद आणि पडद्याची छायाचित्रं जोडली आहेत. नाव, पत्ता, दूरध्वनी बिलावर आहेच.

संच परत न्यायला माणूस पाठवणार असाल तर आधी फोन करावा. दुपारी घरी कोणी नसतं.

आपली ग्राहक,
नाशिक