हरलेल्यांची साक्ष कोण घेणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या याच सदरात मागे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की खेळाडूंनी देव घरी ठेवून मैदानात यावं. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि तीन वेळा कागद फाडला, कारण दर वेळी अर्ध्यात आल्यावर लक्षात यायचं की त्या वाचकाचं निम्मं मला पटतंय, आणि मी तर ख्रिस्ती माणूस, दर रविवारी उपासनेला जाणारा, संडे स्कूलमध्ये पोरांना शिकवणारा, मग हे पटतंय असं लिहायचं तरी कसं. शेवटी म्हटलं जसं आहे तसं लिहू, छापायचं तर छापा.

विषय निघाला तो जेमिमा रॉड्रिग्जवरून. ३० ऑक्टोबर २०२५ ची वर्ल्ड कप सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, टार्गेट ३३९, आणि ही पोरगी नाबाद १२७ करून मॅच काढते. महिला वनडेमध्ये एवढा मोठा चेस त्याआधी कुणीच केला नव्हता. मॅच संपल्यावर रडत रडत तिने येशूचं नाव घेतलं, आणि शेवटी शेवटी मी बायबलमधलं एक वचन म्हणत होते असं सांगितलं, तू नुसतं शांत उभं राहा, देव तुझ्यासाठी लढेल. निर्गमच्या चौदाव्या अध्यायातलं आहे ते, पुढे समुद्र आणि मागे फारोचं सैन्य असताना मोशे लोकांना सांगतो ते.

झालं. एकीकडे तिला ट्रोल करणारे सुटले, देशासाठी खेळतेस की धर्मासाठी वगैरे. या लोकांना मला एवढंच विचारायचंय की तुमच्या घरी शेवटच्या ओव्हरला कुणी जागेवरून उठत नाही ते का? तू उठलास म्हणून विकेट पडली, बस परत तिथेच, असं म्हणणारे आपणच ना? लकी टी-शर्ट चालतो, लकी खुर्ची चालते, वचन म्हटलेलं चालत नाही, हे काही मला झेपलं नाही.

पण दुसरीकडे आमच्या चर्चच्या मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तिथे त्या रात्री जे सुरू झालं तेही मला झेपलं नाही. हालेलुया, प्रभूने ऑस्ट्रेलियाला हरवलं, विश्वासाचा विजय, एक ना दोन. मी मोबाईल उलटा करून ठेवला. कारण मॅच मी बॉल बाय बॉल बघितली होती आणि जेमिमा ८२ वर असताना ऑस्ट्रेलियाच्या अलिसा हीलीने तिचा सोपा कॅच सोडला होता. आता तो कॅच देवाने सोडायला लावला असं म्हणायचं असेल तर हीलीने नेमकं काय पाप केलं होतं? आणि ऑस्ट्रेलियाच्या टीमसाठी त्या दिवशी कुठल्याच चर्चमध्ये कुणी हात जोडले नसतील असं थोडंच आहे?

हा प्रश्न माझा नाही खरं तर. पप्पांचा आहे.

२ एप्रिल २०११. श्रीलंकेविरुद्ध वर्ल्ड कपची फायनल, शनिवार होता. पप्पा तेव्हा आजारी होते, कॅन्सर होता, पलंगावरूनच मॅच बघत होते आणि आम्ही सगळे खाली बसलेलो. २७५ करायचे होते, सेहवाग दुसऱ्याच बॉलवर शून्यावर गेला, सचिन १८ वर गेला, आणि मी डोळे मिटून तोंडातल्या तोंडात प्रार्थना सुरू केली. पप्पांनी बघितलं आणि म्हणाले, अरे तिकडे श्रीलंकेतही चर्च आहेत बरं का, तिकडेही कुणीतरी तुझ्यासारखाच डोळे मिटून बसला असेल, त्याचं काय करायचं देवाने? मी म्हटलं पप्पा गप बसा ना. मग गंभीरने ९७ केले, धोनी ९१ वर नाबाद राहिला, तो सिक्स, २८ वर्षांनी कप, सगळं तुम्हाला माहीत आहे. पप्पा हसत होते. उठून नाचता येत नव्हतं म्हणून हाताने ताल धरत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेत कप मिळाल्याबद्दल देवाचे आभार मानले गेले. पाच मिनिटांनी पप्पांच्या तब्येतीसाठी प्रार्थना झाली. तीच माणसं, तीच बाकं, तेच आमेन. मी तर आदल्या रात्री एकाच दमात दोन्ही मागून घेतलं होतं, आजची मॅच आणि पप्पा.

जूनमध्ये पप्पा गेले.

तर माझा प्रश्न एवढाच आहे, आणि तो त्या दिवसापासून तसाच आहे, की दोन मागण्यांमधली जी फालतू होती ती का मिळाली? लोकांनी सांगितलं देवाची योजना. असेल. पण मग धोनीचा सिक्स पण योजनेतला का? की तो नुसता धोनीचा? योजना म्हणायचं तर दोन्हीला म्हणा, नाहीतर दोन्हीला म्हणू नका, जिंकल्यावर देव आणि हरल्यावर पिच असं नको. एका काकांनी तर मला सांगितलं की तुझा विश्वास कमी पडला. म्हणजे मॅचपुरता पुरला आणि पप्पांपुरता कमी पडला? त्या काकांशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो. आता बोलतो.

आमच्या संडे स्कूलमध्ये लहानपणी एरिक लिडलची गोष्ट हमखास सांगायचे, ख्रिस्ती घरात वाढलेल्या बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १९२४ चं पॅरिस ऑलिम्पिक, १०० मीटरची हीट म्हणजे प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून हा स्कॉटिश धावपटू ती रेसच पळाला नाही, त्याऐवजी ४०० मीटर पळाला, जी त्याची मुख्य रेस नव्हतीच, आणि ४७.६ सेकंदांत वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड घेतलं. बघा मुलांनो, जो देवाचा मान राखतो त्याचा देव मान राखतो. इथे गोष्ट संपायची. आम्ही टाळ्या वाजवायचो.

मोठा झाल्यावर कळलं की गोष्ट तिथे संपत नाही. लिडल पुढच्याच वर्षी मिशनरी म्हणून चीनला गेला, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी परदेशी लोकांना छावणीत कोंडलं त्यात तोही सापडला, बायको आणि मुली दूर कॅनडात, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच छावणीत ब्रेन ट्यूमरने गेला. वय ४३. युद्ध संपायला जेमतेम सहा महिने राहिले होते. आता मला सांगा, ४७.६ सेकंद हा जर देवाने राखलेला मान असेल तर ट्यूमर काय होता? संडे स्कूलच्या टीचरना हे माहीत नव्हतं असं मला नाही वाटत. माहीत असणार. पण त्याच्यापुढे टाळ्या वाजत नाहीत ना.

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या टिम टीबोचं तर अजून गमतीदार. तो कॉलेजमध्ये असताना डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर योहान ३:१६ हा बायबलमधल्या वचनाचा आकडा लिहून खेळायचा. पुढे प्रो झाल्यावर ८ जानेवारी २०१२ च्या प्लेऑफ मॅचमध्ये त्याने बरोब्बर ३१६ यार्ड पास टाकले आणि टीम जिंकली. ३१६! हे फॉरवर्ड मलाही आलं होतं, मीही पुढे पाठवलं होतं, खोटं कशाला बोलू. पुढच्याच आठवड्यात त्याची टीम ४५-१० ने आपटली, त्याचं फॉरवर्ड काही आलं नाही. आता १०-४५ चंही एखादं वचन शोधलं तर सापडेलच कुठेतरी, पण शोधतो कोण.

आणि जोनाथन एडवर्ड्स. हा मला सगळ्यात जास्त छळतो. इंग्लंडचा ट्रिपल जंपर, चर्चच्या पाळकाचा मुलगा, सुरुवातीला हाही लिडलसारखाच रविवारी उतरायचा नाही, त्यापायी १९९१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याने सोडली. नंतर विचार बदलला. १९९५ मध्ये त्याने १८.२९ मीटर उडी मारली आणि इतकी वर्षं झाली, तो वर्ल्ड रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेला नाही. २००० ला सिडनीत गोल्डही घेतलं. मग रिटायर झाला, आणि २००७ मध्ये त्याने सरळ सांगून टाकलं की माझा आता देवावर विश्वास राहिलेला नाही. तमाशा नाही, आदळआपट नाही, शांतपणे. विश्वास गेला आणि रेकॉर्ड राहिला. आमच्याकडे मी एकदा युवक संघाच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव काढलं तर विषय इतक्या पटकन बदलला गेला की मलाच हसू आलं. मला त्याच्यासारखं व्हायचं नाहीये. पण त्याला घाबरून विषय बदलण्यात तरी काय अर्थ आहे, माणसाने खरं बोललं एवढंच ना. उलट २००० साली दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कॅप्टन हॅन्सी क्रोन्येचं फिक्सिंग बाहेर आलं, तो मोठा श्रद्धाळू म्हणून ओळखला जायचा, मनगटावर येशूची आठवण देणारा पट्टा घालायचा, त्या बातमीने माझ्या मनाला जेवढा धक्का बसला तेवढा एडवर्ड्सच्या प्रामाणिकपणाने नाही बसला.

आता तुम्ही म्हणाल एवढं सगळं आहे तर चर्चला जातोस कशाला. बायकोही विचारते. तर त्याचं असं आहे की बायबल मी जेवढं वाचलं तेवढं मला ते जिंकलेल्यांचं पुस्तक वाटलंच नाही. त्यात याकोब आहे, रात्रभर कुणाशी तरी कुस्ती खेळतो, आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडत नाही, आणि सकाळी आशीर्वाद घेऊन लंगडत निघतो. येशूचा शिष्य थोमा आहे, येशूच्या हातावरचे खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मी मानणार नाही म्हणणारा, आणि येशू त्याला हाकलत नाही, ये हात लाव म्हणतो. एका आजारी पोराचा बाप आहे, मार्कच्या नवव्या अध्यायात, तो म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच वाक्यात दोन्ही! मी याहून खरी प्रार्थना ऐकलेली नाही. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशू हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं मरण, माझ्यापासून टळो म्हणून मागतो, तर तो टळत नाही. आपण कप मिळू दे म्हणतो, तो टळू दे म्हणत होता, आणि त्याचंही ऐकलं गेलं नाही. हे जेव्हा नीट वाचलं तेव्हा पप्पांच्या वेळचं माझं रडगाणं घेऊन मी परत त्या बाकावर बसू शकलो. उत्तर मिळालं म्हणून नाही. फक्त प्रश्न विचारणारा मी पहिलाच नाही हे कळलं म्हणून.

बाकी खेळाबद्दल म्हणाल तर स्तोत्र १४७ मध्ये स्पष्टच म्हटलंय की घोड्याच्या बळाचं आणि माणसाच्या पायांचं देवाला काही कौतुक नाही. आम्हा फॅन लोकांचा अपमानच आहे हा, पण असो.

म्हणून माझं दोन्हीकडच्या लोकांना सांगणं आहे. जेमिमाचं बोलणं परत एकदा ऐका, पूर्ण. त्याच स्पर्धेत एका मॅचला तिला बाहेर बसवलं होतं, ती दिवसेंदिवस रडत होती, अँग्झायटी होती, आईला फोन करून नुसती रडायची, हे सगळं तिने उघड सांगितलं. ती सांगत होती की माझ्यात ताकद उरली नव्हती तरी मी उभी राहू शकले. स्कोअरबोर्ड आपण जोडला, ट्रोल करणाऱ्यांनीही आणि आमच्या ग्रुपनेही. समजा ती हीलीच्या हातात ८२ वर गेली असती आणि मॅच हरलो असतो, तर तिचं ते उभं राहणं खोटं ठरलं असतं का? मला नाही वाटत. पण मग तिला कुणी माइकही दिला नसता, आणि माझी खरी तक्रार इथे आहे.

चर्चमध्ये आम्ही साक्ष देतो म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगतो. नोकरी लागली, ऑपरेशन नीट झालं, पोरगा पास झाला. ज्याला नोकरी लागली नाही तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो. पेपरातही तेच, जिंकलेल्याचा देव फोटोसकट छापून येतो. एकदा हरलेल्याला विचारा ना साहेब. फायनल हरून ड्रेसिंग रूममध्ये परत गेलेला एखादा श्रद्धाळू खेळाडू, त्या रात्री त्याने प्रार्थना केली का, केली तर काय म्हणाला. तो मजकूर मी कात्रण काढून ठेवीन. आमच्या पाळकसाहेबांनाही मी हे म्हटलं, की एखाद्या रविवारी ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही त्यांची साक्ष ठेवा. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, सुरुवात मलाच करावी लागेल. अजून ठेवलेली नाही, पण नाही पण म्हणाले नाहीत.

संडे स्कूलमध्ये मात्र मी वाट बघितली नाही. मागच्या महिन्यात लिडलची गोष्ट सांगितली, ४७.६ वर न थांबता, छावणी, आजार, सगळं. आणि त्यातला एक भाग जो मला लहानपणी कुणीच सांगितला नव्हता. छावणीत मुलं बंदिस्त, करायला काही नाही, रविवारी त्यांना खेळायचं असायचं आणि लिडलचा नियम आड यायचा. एका रविवारी ती पोरं रेफ्रीशिवाय खेळली आणि मारामाऱ्या झाल्या. तर ज्या माणसाने रविवार म्हणून ऑलिम्पिकची रेस सोडली होती तो पुढे रविवारी स्वतः शिट्टी घेऊन त्यांच्या मॅचला रेफ्री म्हणून उभा राहिला.

वर्ग एकदम शांत झाला होता. मला वाटलं आता कुणीतरी देवाबद्दल काहीतरी अवघड विचारणार, मी तयारीत होतो. मागून एका पोराने हात वर केला.

टीचर, मग मॅच कोण जिंकलं?

आपला,
एक ख्रिस्ती आणि क्रिकेटवेडा वाचक