दिनूस, वाफेच्या उपचाराबद्दल

प्रिय दिनू,

उत्तराला तीन आठवडे लावले, रागावू नकोस. मी बरा आहे.

‘वाढलेल्या प्रोस्टेटला वाफ द्यावी की क्लिपा लावाव्यात, एका शब्दात सांग’ म्हणतोस. कॅरमच्या भांडणातही तुला एका शब्दातच निकाल हवा असायचा! माझा जीव अडकलाय तो तुझ्या सोनोग्राफीतल्या एका ओळीत: प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ती ग्रंथी) ५२ ग्रॅम, तिचा मधला लोब, म्हणजे मधला भाग, मूत्राशयात १२ मिलिमीटर वर आलेला. क्लिपा बाजूचे दोन लोब दोऱ्याने ओढून धरतात, पडदे बांधावेत तसे. मधला लोब झडपेसारखा. तू जोर केलास की तोच मूत्राशयाच्या तोंडावर बसतो. त्याला ओढून धरणं अवघड. वाफ त्यातही देता येते, म्हणून माझा कौल वाफेला.

दुर्बिणीतून बारीक सुई प्रोस्टेटमध्ये जाते आणि दर टोचणीला ९ सेकंद १०३ अंश सेल्सिअसची वाफ सुटते. वाफेचं पाणी होताना तिची उष्णता पेशींना मारते. काम काही मिनिटांचं, पण मेलेल्या पेशी जिरायला वेळ लागतो आणि आधी सूजच येते. म्हणून बहुधा ३ ते ७ दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. नंतर काही आठवडे लघवीला आग, घाई, थोडं रक्त. तेव्हा ‘फसलं’ म्हणून घाबरू नकोस आणि गोळ्या आपल्या मनाने सोडू नकोस. पुरता फरक तीन महिन्यांनी कळतो. ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी गाठ डॉक्टरांना.

प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडून काढण्याने धार जास्त सुधारते, हेही खरं. पण त्यात बहुतेकांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं, वाफेत क्वचित. हे विचारायला लाजू नकोस, वहिनींना घेऊन जा.

आणि युरोफ्लो, ती धार मोजायची तपासणी, पुन्हा कर. निदान १५० मिलिलिटर लघवी झाली तरच तो आकडा धरायचा. तुझी ९० झाली होती. तुला जुना मधुमेह, त्याने मूत्राशयाचा स्नायूच थकला असेल तर वाट मोकळी करूनही धार येणार नाही. त्यासाठी युरोडायनॅमिक तपासणीचं विचार, तीत मूत्राशयाचा जोर मोजतात. फिनास्टराइड ही प्रोस्टेट आक्रसवणारी गोळी वर्षभर घेतोयस, त्यामुळे पीएसए, ती प्रोस्टेटची रक्ततपासणी, निम्मा दिसतो. रिपोर्टातला आकडा दुप्पट धरून वाचायचा.

नीलूला नोकरी लागली, फार आनंद झाला. तुझं मोतीबिंदूचं ठरलंय ना? डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनचं, त्या लघवी मोकळी करणाऱ्या गोळीचं, आधी सांग, मध्ये बंद केली असलीस तरी. त्या गोळीने शस्त्रक्रियेत बुबुळ ढिलं पडतं.

तुझा,
वसंता