आईला, कॉर्कहून

कॉर्क, आयर्लंड
ईस्टर सोमवार

प्रिय आई,

प्रभूमध्ये सलाम.

गुड फ्रायडेला ड्युटीवरून घरी पोचते न पोचते तोच वहिनीचा फोन आला. तू तीन तासांच्या उपासनेत चक्कर येऊन पडलीस एवढंच आधी म्हणाली. सकाळी शुगरची गोळी घेतलीस आणि वर दिवसभर कडकडीत उपास, हे मी खोदून विचारल्यावर कळलं. आई, त्या गोळीला पोटात अन्न लागतं. अन्न नसलं तरी ती तिचं काम करतेच, रक्तातली साखर 70 च्या खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि मग माणूस कोसळतो. मी वॉर्डात हे रोज बघते, पण त्या रात्री माझेच हात थरथरत होते.

वहिनी म्हणाली, प्रभूच्या शेवटच्या सात उद्गारांतला पाचवा चालू होता. "मला तहान लागली आहे." तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. वधस्तंभावर, शेवटच्या घटकेला, प्रभूने आपल्या देहाची गरज मोठ्याने बोलून दाखवली. स्पंजातून आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, दिली, ती त्याने घेतली, आणि त्यानंतर म्हणाला, "पूर्ण झालं आहे." तुझा घसा कोरडा पडला होता, शेजारच्या काकूंच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, आणि तू मागितलं नाहीस. का गं? "त्याने एवढं सोसलं, मला तीन तास काढता येत नाहीत?" असं वहिनीला म्हणालीस म्हणे. पण त्याने सोसलं ते आपल्यासाठी. आपण त्यात भर घालावी असं त्याने कुठे मागितलंय?

शनिवारी तू आम्हाला पुण्याच्या पंचहौद चर्चला न्यायचीस, आठवतं? बाक पुसायचे, आणि तू चिंचेचा कोळ लावून पितळेचा क्रूस घासायचीस, कोपरे काडीने काढायचीस. "प्रभूचं घर आहे, डाग राहता कामा नये." प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्ही स्वतःचे नाही, मोलाने विकत घेतलेले आहात. हे वचन तूच मला पाठ करून घेतलंस. मग त्या मंदिराच्या टाचेला दोन महिने भेग आहे, ती कोणी बघायची?

मला सगळ्यात काळजी त्या पायाची आहे. बरीच वर्षं शुगर असली की पायाची जाणीव कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून बरं आहे, असं समजू नकोस. न दुखणंच वाईट. इथे डायलिसिसला येणाऱ्यांत पायाची बोटं गेलेली माणसं आहेत, आणि बऱ्याच जणांची सुरुवात अशाच एका छोट्या जखमेने झाली. रात्री कोमट पाण्याने पाय धुवायचे, पाणी आधी कोपराने बघायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळवा आरशात बघायचा. घरातसुद्धा अनवाणी नाही. भेगेत ब्लेड घालायचं नाही, या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवायची.

पवित्र गुरुवारी प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पेत्र आधी नकोच म्हणत होता. तूही तशीच आहेस, मंडळीतल्या आजाऱ्यांच्या उशाशी रात्र काढशील, स्वतःचा पाय कोणाला दाखवणार नाहीस.

उपास सोड असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांना आधी विचार, नाहीतर टीव्ही बंद ठेव, चहा सोड. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खायला घातलं. पुढची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची.

पर्समध्ये साखरेची पुडी ठेव. घाम फुटला की 3 चमचे साखर पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी शुगर तपासायची, कमीच असली तर परत घ्यायची. मग काहीतरी खायचं. पाळकसाहेबांचं प्रवचन चालू असलं तरी.

बुधवारी मला सुट्टी आहे. तुमच्या रात्री नऊला व्हिडिओ कॉल करते. पाय धुऊन, पुसून बस, आणि वहिनीला म्हणावं फोन तळव्याजवळ धर. मला तुझा चेहरा नंतर दिसला तरी चालेल.

तुझी,
धाकटी