एसीआधी पन्हळी पाहा

मा. संपादक,
स. न.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली महाराजा फत्तेसिंह म्युझियमची इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेसाठी बांधलेली. १९६१ पासून तिथे संग्रहालय आहे, आणि राजा रविवर्म्याने बडोद्यासाठी काढलेली चित्रे आपण तिथे पाहतो. अशा जुन्या वास्तूंत एसी बसवा, अशी मागणी उन्हाळ्यात हमखास होते. पण दिवसा चालू आणि रात्री बंद असा एसी तैलचित्रांना उकाड्याहून जास्त बाधतो.

कॅनव्हास आणि रंग यांच्यामध्ये सरसाचा थर असतो. हवा दमट झाली की तो फुगतो, कोरडी झाली की आक्रसतो; एसी चालू-बंद होत राहिला की हेच रोज घडते. शंभराहून अधिक वर्षांचा कडक झालेला तेलरंग ही ओढाताण सोसत नाही. आधी बारीक भेगा पडतात, मग पोपडे सुटतात. म्हणून आर्द्रता ५० टक्के असो वा ५५, ती स्थिर हवी. सतत ६५ च्या वर राहिली तर बुरशी धरते.

ओल बहुतेक वेळा तुंबलेल्या पन्हळीतून येते. पन्हळी आणि पाण्याचे उतरते नळ मेअखेर साफ व्हावेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा, कारण गच्चीवरचा पालापाचोळा तेव्हाच वाहून येतो. दुसरे कारण सिमेंट. चुन्यातली जाड भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल कोंडते, वर सरकते आणि लोणा (भिंतीतल्या क्षारांची पांढरी पूड) फुटतो. ओलीच्या खुणेच्या दीड-दोन फूट वरपर्यंत तो गिलावा काढावा, सांधे खरवडावेत, भिंत पुरती सुकू द्यावी. मग एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, असे १० ते १२ मिलिमीटरचे थर द्यावेत. घाईने एकच जाड थर दिला तर तो तडकतो. शेवटी चुन्याची सफेदीच.

बाहेरच्या भिंतीवर चित्र लावणे टाळावे. इलाज नसेल तर चौकटीमागे लाकडी ठोकळे देऊन इंचभर पोकळी ठेवावी. प्रकाश तैलचित्रांवर २०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचे एकक), जलरंग आणि वस्त्रांवर ५०.

एवढे करून एसी घ्यायचाच असेल तर तो चोवीस तास चालवण्याची तयारी हवी, जनरेटरसकट. त्याआधी प्रत्येक दालनात आर्द्रतामापक लावून सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवावी आणि ती प्रेक्षकांना दिसेल अशी दाराशी लावावी, ही बडोद्यातल्या सर्व संग्रहालयांच्या व्यवस्थापकांना विनंती.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा