केस कोणी कापले?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या विणकामावर अर्ध्या पानाचा मजकूर होता. त्यात एक जुना फोटो होता. कमरेला ताण दिलेला पट्ट्याचा माग, गळ्यात माळा, शांत चेहरा. फोटोखाली ओळ होती, ‘माग चालवणारी झुनी स्त्री’. पुढच्याच आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं की, स्त्री-पुरुषांपलीकडे आणखी काही असतं हे खूळ गोऱ्यांच्या देशातून आलंय, ते आपल्याला परकं आणि तिकडच्या आदिवासींनाही परकंच. दोन्ही गोष्टी एकाच दैनिकात लागोपाठ वाचल्या म्हणून हे पत्र. कारण फोटोतली ती व्यक्ती मुलगा म्हणून जन्मली होती आणि तिच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचं नाव वेवा. न्यू मेक्सिकोतलं झुनी हे तिचं गाव. झुनी लोकांकडे अशा व्यक्तीला ‘लामाना’ असा शब्द होता. पेहराव बायकांचा, हातात विणकाम आणि कुंभारकाम, शिवाय धर्मविधीत पुरुषांच्या बाजूचीही जागा. 1886 मध्ये संशोधक मटिल्डा स्टीव्हन्सन तिला वॉशिंग्टनला घेऊन गेल्या. ती तिथे सहा महिने राहिली, अध्यक्ष क्लीव्हलँड यांना भेटली, संग्रहालयात माग लावून विणून दाखवलं. शहरातल्या बड्या लोकांनी तिला ‘राजकन्या’ ठरवलं आणि ती जन्माने स्त्री नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे जी चूक तेव्हाच्या वॉशिंग्टनने केली तीच आपल्या पुरवणीने आज केली. राग नाही, गंमत वाटली.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1892 मध्ये, झुनींच्या गव्हर्नरला, म्हणजे त्यांच्या गावप्रमुखाला, पकडायला सैनिक आले. वेवा आडवी गेली आणि महिनाभर कोठडीत बसली. 1896 मध्ये ती वारली. अंत्यविधीसाठी तिला बायकांचे कपडे घातले आणि पायांत एक पांढरी सुती विजार चढवली. बायकांचा पेहराव घेतल्यापासून पुरुषाचं वस्त्र अंगाला लागलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, असं स्टीव्हन्सनबाईंनी लिहून ठेवलंय.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र आणखी उत्तरेची, मोंटाना राज्यातल्या क्रो लोकांची आहे. माझी लेक बिलिंग्जला असते. मागच्या वर्षी तिच्याकडे होतो तेव्हा तासाभराच्या रस्त्यावर क्रो लोकांची राखीव वसाहत आहे, लिटल बिगहॉर्नची रणभूमीही तिथेच, हे कळलं. मग बघून आलो आणि परतल्यावर वाचत बसलो.

क्रो भाषेत अशा व्यक्तीला ‘बोटे’ म्हणत. आपल्या हाताच्या बोटांशी त्याचा काही संबंध नाही. त्यांच्यातली सगळ्यांत नावाजलेली होती ओश-टिश. जन्म 1854 चा. तंबू शिवणं, कातड्यावरचं काम यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता ‘तिचा’ लिहिलं खरं, पण इथे मराठीत लिहिणाऱ्याची पंचाईत होते. क्रो भाषेत तो आणि ती असे वेगळे शब्दच नाहीत. आपल्याकडे लिंगं तीन, पण तिसरं माणसाला लावलं तर शिवी होते. माझ्या लहानपणी मंगळवारी दारात डोक्यावर यल्लम्माचा जग घेऊन जोगत्या यायचा. आई सुपातून जोंधळे घालायची, पाया पडायची. “तो गं की ती?” असं मी एकदा मोठ्याने विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला. आई स्वतः मात्र “जोगत्या आली” असंच म्हणायची आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. मीही आईच्याच व्याकरणाने लिहितो.

ओश-टिश या नावाचा अर्थ ‘शोधून ठार मारते’ असा आहे. ते नाव मिळालं 17 जून 1876 च्या रोझबडच्या लढाईत. क्रो लोकांचं लाकोटा या दुसऱ्या जमातीशी जुनं वैर. त्यामुळे अमेरिकन जनरल क्रूक लाकोटा आणि त्यांच्याबरोबरचे शायान यांच्यावर चालून गेला तेव्हा क्रो योद्धे अमेरिकन सैन्याच्या बाजूने लढले. त्यांत ओश-टिश होती आणि ‘दुसरी मॅगपाय’ नावाची एक बाई होती. भावाला लाकोटांनी मारलं म्हणून ती सूड घ्यायला आलेली. बुल स्नेक नावाचा क्रो योद्धा जखमी होऊन घोड्यावरून पडला, तशी ओश-टिश घोडा फेकत गेली, खाली उतरली आणि त्याच्यावर पाय रोवून उभी राहून गोळ्या झाडत राहिली. या ‘दुसऱ्या मॅगपाय’ने आपल्या काठीचा फटका एका लाकोटाला मारला आणि त्याच दमात ओश-टिशने त्याला गोळी घातली. ही हकीकत प्रिटी शील्ड या क्रो वैदूबाईने म्हातारपणी सांगितली. पुरुष मंडळी हे तुम्हाला सांगणार नाहीत, असा टोमणाही तिने मारला होता.

तिनेच सांगितलेली आणखी एक बारीकशी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लढाईला निघताना ओश-टिशने पुरुषी कपडे घातले. आपण मेलो आणि लाकोटांना बायकांच्या कपड्यांत सापडलो तर ते हसतील, ही भीती. तेव्हा जुन्या काळी सगळीकडे आनंदीआनंद होता असं कुणी समजू नये. शत्रू हसायचे, आपल्यातलेही कुणी हसत असतील. पण हसणं वेगळं आणि गजाआड टाकणं वेगळं.

गजाआड टाकलं ते नंतर. रोझबडला साधारण वीस वर्षं होऊन गेल्यावर, 1890 च्या दशकाअखेरीस, क्रो वसाहतीवर एक सरकारी एजंट आला. एजंट म्हणजे आपल्या संस्थानांतला रेसिडेंट, मामलेदार आणि फौजदार एकाच खुर्चीत बसलेले. शिधा त्याच्या हातात, शाळा त्याच्या हातात, कोठडी त्याच्या हातात. त्याने बोटेंना पकडलं, केस कापले, पुरुषांचे कपडे चढवले आणि अंगमेहनतीला जुंपून कचेरीच्या आवारात झाडं लावून घेतली. ज्या सरकारच्या सैन्याबरोबर ओश-टिशने लाकोटांवर गोळ्या झाडल्या, त्याच सरकारचा हा नोकर. क्रो लोकांचे इतिहासकार जो मेडिसिन क्रो यांनी 1982 मध्ये ही हकीकत सांगितली तेव्हा ती झाडं आवारात उभी होती.

केस सक्तीने कापणं म्हणजे काय, हे केशवपन पाहिलेल्या समाजाला वेगळं सांगायला नको. क्रो लोकांत तर पुरुषांनाही लांब केसांचा भारी अभिमान, आणि केस कापायचे ते घरातलं माणूस गेल्यावर, दुःखाची खूण म्हणून.

पण गोष्ट इथे संपत नाही. लोक खवळले. प्रिटी ईगल हा त्यांचा सरदार कचेरीत आला आणि त्याने एजंटाला वसाहत सोडून चालतं व्हायला सांगितलं. ज्याच्या हातात शिधा आहे अशा अधिकाऱ्याला तोंडावर ‘निघ’ म्हणणं ही काय चीज आहे, हे मी जाणतो. रॉबर्ट लोवी या मानववंशशास्त्रज्ञानेही 1912 मध्ये नोंदवलं की, एजंटांनी पुन्हापुन्हा ओश-टिशला पुरुषी कपडे घालायला लावायचा प्रयत्न केला आणि दर वेळी इतर लोकांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं एवढंच, की हे तिच्या स्वभावाविरुद्ध आहे. ज्यांना हे सगळं परकं असं आपले पत्रलेखक म्हणतात, ते लोक तिच्या बाजूने उभे होते.

मी महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढली, शेवटी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे माझं लक्ष एजंटाच्या कात्रीइतकंच त्याच्या दप्तराकडे जातं. 1883 मध्ये तिकडे ‘इंडियन गुन्ह्यांची न्यायालयं’ निघाली, इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी. जुने नाच, वैदूंचे विधी, एकाहून अधिक बायका करणं हे गुन्हे ठरले. शिक्षा म्हणून शिधा बंद किंवा कोठडी. त्याच सुमाराला दरसाल जनगणनेच्या याद्या करायचा हुकूम होता, त्यात लिंगाचा रकाना, कुटुंबप्रमुखाशी नात्याचा रकाना. 1887 च्या कायद्याने सामाईक जमिनीचे तुकडे पाडून माणशी वाटायचं ठरलं: कुटुंबप्रमुखाला 160 एकर, एकट्या सज्ञान माणसाला 80. आणि 1902 मध्ये तर वरिष्ठ कार्यालयातून परिपत्रकच निघालं की पुरुषांनी केस आखूड करावेत, न ऐकणाऱ्याचा शिधा आणि नोकरी थांबवावी, वेळ पडल्यास कोंडावं. परिपत्रक! मी अशी शेकडो पाहिली आहेत. रकान्यात जे बसत नाही ते आधी कारकुनाची डोकेदुखी होतं, मग साहेबाची, आणि शेवटी त्या माणसाच्या मानेवर येतं.

राहिलेलं काम धर्मोपदेशकाने केलं. 1903 मध्ये क्रो वसाहतीतल्या लॉज ग्रास इथे बाप्टिस्ट मिशन आलं. प्रवचनातून ओश-टिशचं नाव घेऊन, तिच्यापासून लांब राहा, असं लोकांना बजावलं जायचं. पोरं घाबरली. 1919 मध्ये निवृत्त जनरल ह्यू स्कॉट तिला भेटले आणि बायकांचे कपडे का घालतेस असं विचारलं. हीच माझी वाट, जन्मापासून, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. 1929 मध्ये ती वारली. तिच्यामागून ती वाट कुणी धरली नाही.

आता आपल्याकडचं थोडं, कारण पत्रलेखकांनी आपल्याला परकं असंही म्हटलंय. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा पारधी, बेरड, कैकाडी यांच्या संदर्भात आपण ऐकलेला असतो, 31 ऑगस्टला विमुक्त दिनही होतो. त्या मूळ कायद्याचा दुसरा भाग मात्र हिजड्यांवर होता (कायद्यातला शब्द याहून सभ्य नव्हता), हे फारसं कुणी सांगत नाही. संशयितांची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंदवही, बायकांच्या कपड्यांत उघड्यावर दिसल्यास किंवा नाचल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दत्तक घ्यायला आणि मृत्युपत्र करायला मनाई. तो लागू झाला उत्तरेत, तेव्हाच्या वायव्य प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशाकडे). आपल्या मुंबई इलाख्यात काम अधिक मुकाट्याने झालं. मराठेशाहीत दख्खनच्या गावांतून धान्य आणि पैसा-अधेला गोळा करायचा हिजड्यांचा वंशपरंपरेसारखा चालणारा हक्क होता, काहींकडे इनाम जमिनीही होत्या, गुरूकडून चेल्याकडे जाणाऱ्या. कंपनी सरकारने 1850 च्या दशकात तो हक्क पुढे चालवायला नकार दिला. तिथे मारहाणीची गरज पडली नाही, फक्त शेरा मारला.

म्हणून पत्रलेखकांना माझं म्हणणं एवढंच. आपण म्हणता तसं पश्चिमेकडून काही आलं हे बरोबर आहे. काय आलं, तेवढं तपासून पाहावं. अशा व्यक्तींसाठीचा ‘टू-स्पिरिट’ (दोन आत्म्यांची) हा शब्द नवा आहे, 1990 मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या मेळाव्यात मूळ रहिवाशांनी तो स्वतःसाठी घेतला, कारण गोऱ्यांनी लावलेला जुना शब्द मुळात गुलाम पोराला म्हणायचा होता. शब्द नवा म्हणून माणसंही नवी, असं होत नाही.

संपादक महाशय, आपल्याकडे मात्र एक छोटी मागणी आहे. पुरवणीतल्या त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी: ‘वेवा, झुनी लामाना, विणकर’. चारच शब्द आहेत. जुन्या ओळीतही चारच होते, त्यामुळे जागेची अडचण येऊ नये.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, गडहिंग्लज
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये.)