पिझ्झावर अंजीर घालायला शिकवणाऱ्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि वर माझ्याच हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी देऊन खाली पाठवता, म्हणून म्हटलं आता चारचौघांत लिहूनच टाकते, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

लेकीच्या वाढदिवसाला पिझ्झा घरी करायचा हे मी बोलून बसले होते खरी, पण आमच्याकडे पिझ्झा म्हणजे दुकानातला तो पुठ्ठ्यासारखा तयार बेस, त्यावर केचप, सिमला मिरची आणि चीज, झालं. आणि कन्येची फर्माईश काय, तर अननसाचा पाहिजे, अंजिराचा पाहिजे आणि एक चॉकलेटचा पण. सासूबाईंनी तेव्हाच जाहीर केलं की गोड पिझ्झा मी खाणार नाही. जिन्यात तुम्ही भेटलात, मी रडगाणं गायलं, आणि संध्याकाळी तुम्ही वजनकाटा आणि बिडाचा तवा घेऊन दारात हजर.

पिठापासून सांगते, कारण मला सगळ्यात जास्त आश्चर्य तिथेच वाटलं. ५०० ग्रॅम मैदा, ३२५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ आणि इन्स्टंट यीस्ट फक्त अर्धा छोटा चमचा, साखर अजिबात नाही. एवढं सैल पीठ बघून माझा पोळ्यांचा हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जात होता आणि तुम्ही दर वेळी डबा लांब सरकवत होतात. "चिकटू दे, झाकून ठेव, अर्ध्या तासाने बघ." आणि खरंच, काही न करता अर्ध्या तासाने तेच पीठ गुळगुळीत झालं होतं. मग रात्रभर फ्रिजमध्ये. गारठ्यात यीस्ट सावकाश काम करतं म्हणून चव मुरते, आणि घाईत भरपूर यीस्ट घालून तासाभरात फुगवलं की नुसता यीस्टचा वास येतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आपलं डोशाचं पीठ आठवलं, तेही काही घाईला ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी चार उंडे करून दोन तास बाहेर, आणि लाटणं हातात घेतलं तर खबरदार. बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यायचं, कड सोडून.

नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे डिग्रीच्या आसपास पिझ्झा दीड मिनिटात होतो, आपला ओटीजी अडीचशेवर हात टेकतो. त्यावर तुमचा उपाय म्हणजे तो बिडाचा तवा उलटा करून आत ठेवायचा, पाऊण तास तापवायचा, आणि ताटाच्या पाठीवर रवा भुरभुरून त्यावर पिझ्झा मांडून सरळ तव्यावर सरकवायचा. हजारभर रुपयांचा पिझ्झा स्टोन मी कार्टमध्ये टाकून ठेवला होता, तो तुमच्यासमोरच डिलीट केला.

आता गोडाचं. काकू, मला वाटायचं गोड टॉपिंग म्हणजे फळ चिरायचं आणि टाकायचं. तुम्ही म्हणालात की भानगड गोडाची नाहीच, भानगड पाण्याची आहे. अननसाच्या फोडी तुम्ही आधी कोरड्या तव्यावर, तेल न घालता, मोठ्या आचेवर ठेवल्यात. पहिल्यांदा नुसती वाफ आणि चर्रर्र, रस सुटून तव्यावर उकळायला लागला, मग तो आटला, आणि मग कडेने तांबूस पट्टे उमटले आणि घरभर असा वास सुटला की सासूबाई "काय चाललंय गं" म्हणत स्वयंपाकघरात आल्या. त्या फोडी, बारीक हिरवी मिरची, थोडा कांदा, मोझरेला. टोमॅटोचा सॉस अगदी पुसट, कारण अननसाचा आंबटपणा आणि टोमॅटोचा आंबटपणा एकमेकांवर चढतात. हेही तुमचंच.

(अननसाच्या पिझ्झाला 'हवाईयन पिझ्झा' म्हणतात, पण त्याचा हवाईशी काही संबंध नाही हे मला परवा कळलं. तो १९६२ मध्ये कॅनडातल्या चॅटहॅम गावात सॅम पॅनोपूलोस नावाच्या मूळच्या ग्रीक माणसाने केला, आणि नाव पडलं ते डब्यातल्या अननसाच्या ब्रँडवरून. २०१७ मध्ये आइसलंडचे राष्ट्राध्यक्ष शाळेतल्या पोरांसमोर गमतीत बोलले की जमलं असतं तर मी अननसावर बंदी घातली असती, तर जगभर भांडणं. म्हणजे आमच्या सासूबाई एकट्या नाहीत.)

अंजिराचा मात्र तुमचा मास्टरपीस. सासवडकडची ताजी अंजिरं, जास्त पिकलेली नकोत, जाड चकत्या. त्याखाली कांदा, आणि तो कांदा तुम्ही मंद आचेवर चिमूटभर मीठ घालून जवळपास पाऊण तास परतायला लावलात, चमचाभरसुद्धा साखर न घालता, माझा हात दुखला पण कांदा मधासारखा गोड झाला, खोटं नाही. आता त्या गोडाला खारट जोड हवी. रोममध्ये अंजिराबरोबर खारवलेलं डुकराचं मांस घालतात म्हणे, ते आपल्या घरात शक्य नाही, आणि ब्लू चीजचा भाव बघून मी फोन खाली ठेवला. तुम्ही मोझरेलावर साध्या प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब किसलात, कारण मोझरेला अळणी आणि क्यूब खारट. वरून भरड मिरपूड. आणि मध शेवटी, पिझ्झा बाहेर आल्यावर, कारण मध आधी घातला तर एवढ्या आचेत करपून कडू होतो. सॉस तर नाहीच, नुसतं तेल आणि लसूण.

सासूबाई नाक मुरडत होत्याच. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आता सगळ्यांना ऐकवते: "वहिनी, आमटीत गूळ घालता, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपता, आमरसावर मिरपूड टाकता, आणि अंजिरावर चीज आलं की तुम्हाला सोवळं आठवतं होय?" त्यांनी एक तुकडा घेतला. मग दुसरा घेतला तो "गरम आहे तोवर" म्हणून. तिसऱ्याला काही कारण दिलं नाही.

चॉकलेटवाल्याबद्दल फार लिहीत नाही, पोरांनी तो कापायच्या आधीच संपवला. बेस नुसता भाजून घ्यायचा, केळं आणि चॉकलेट नंतर, आणि वर मिठाचे चार खडे, बस. केळ्यावरून मी हसले होते पण स्वीडनमध्ये म्हणे केळं आणि करी पावडर घातलेला पिझ्झा सर्रास मिळतो, तो आपण नको करूया.

एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे. त्या सगळ्या वेळात तुम्ही पिठाला स्वतः हात लावला नाहीत. तुम्हाला ते दहा मिनिटांत जमलं असतं, आणि दारात पोरांचा गोंधळ सुरू झाला होता, तरी तुम्ही स्टूलवर बसून "अजून, अजून थोडं, आता थांब" एवढंच म्हणत होतात. पहिला पिझ्झा भारताच्या नकाशाच्या आकाराचा झाला तर तुम्ही म्हणालात काश्मीरचा तुकडा मला दे. आता गेले काही शनिवार मी एकटीने करतेय आणि तळ खालून छान डागाळतोय, कड पोकळ फुगतेय. नवऱ्याने ऑफिसमध्ये फोटो दाखवून क्रेडिट स्वतः घेतलं ते वेगळं.

तवा अजून माझ्याकडेच आहे, तुम्ही मागत नाही म्हणून मी देत नाहीये हे तुम्हालाही माहितीये. येत्या शनिवारी पेरू, हिरवी मिरची आणि पनीर करून बघायचंय. पेरूच्या बिया दाताखाली येतील का, आधी भाजायचा की कच्चाच पातळ कापायचा, यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात. तुम्ही सातला खाली या, काकांनाही आणा, आणि प्लीज येताना बरणी-बिरणी काही आणू नका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची