एमजीबीचे मिस्त्री सोलापुरातच आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांबद्दल छापून येते ते बहुधा किंमत आणि रंगरूपाबद्दल. त्यांतलीच एक, एमजीबी, आजही लोकांना हवीशी वाटते, याचे खरे कारण बॉनेटखाली आहे. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. तिचे 1798 सीसीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचे, आणि आपल्या जुन्या ॲम्बॅसेडरचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातले. पेट्रोल आणि हवा मिसळणारा एसयू कार्बोरेटरही ॲम्बॅसेडरवाल्यांच्या ओळखीचा, फक्त इथे एकाऐवजी दोन. म्हणून सोलापुरातल्या कोणीही आपली एमजीबी टेम्पोत घालून पुण्या-मुंबईला पाठवू नये. ॲम्बॅसेडरचे टॅपेट बसवणारे, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट जुळवणारे हात अजून इथे आहेत. थंड इंजिनवर 0.015 इंचाचे फिलर गेज (फट मोजायची पट्टी) त्यांना सांगावे लागत नाही.

पाने मात्र इंचीच हवेत. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर 13 चा पाना घातला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नीशिवाय गत्यंतर नसते.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की सात रस्त्याच्या सिग्नलला बंद पडलेली गाडी पुन्हा चालू होत नाही, अशी तक्रार असते. दोष इंजिनाचा नसतो. दोन्ही कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसतात. गाडी थांबली की खालची धग वर चढते आणि फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतले पेट्रोल उकळते. त्यासाठी मूळ गाडीत उष्णतारोधक पत्रा आणि जाड ठोकळे दिलेले असतात. दुरुस्तीत ते 'जास्तीचे' म्हणून काढून ठेवले जातात. आधी ते परत बसवा. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी नको, क्षार साचून नळ्या बुजतात. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे.

कार्बोरेटर जुळवताना एअर क्लीनर काढून दोघांमधल्या दांड्याचे क्लॅम्प सैल करावेत. रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हीकडचा 'स्स' आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवावेत. मग कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहावा. इंजिनाचा वेग वाढून टिकला तर मिश्रण दाट, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. गाडी गचके खात बंद पडू लागली तर पातळ. क्षणभर किंचित वाढून स्थिरावला तर बरोबर. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळत असेल तर आधी कार्बोरेटरच्या वरच्या डॅशपॉटमधले (पिस्टनची चाल संथ ठेवणाऱ्या नळीतले) तेल पाहा. ते संपले की पिस्टन एकदम वर उडतो, हवा जास्त जाते.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या मऊ पडून फुटतात. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण, तेव्हा सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात. हे पेट्रोल मिश्रण पातळ करते, म्हणून पेट्रोल जास्त यावे यासाठी कार्बोरेटरखालचा जेटचा नट थोडा खाली घ्यावा लागतो. ते ओलावाही धरते. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते.

या कटकटीला कंटाळून काही जण नवे जपानी इंजिन बसवतात. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. पैसे खर्चून गाडीचा तो हक्कच घालवायचा, हे मनाला पटत नाही.

शहरातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकने या मिस्त्रींना मानधन देऊन प्रात्यक्षिकांना बोलवावे, ही कळकळीची विनंती. ॲम्बॅसेडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. नवी पोरे हे काम आता गॅरेजात शिकू शकणार नाहीत.

आपला,
एक वाचक, सोलापूर